खंगराचा आडोसा

खणखण्याच्या भट्टीवर तडकलेली वीट पाहिलेला माणूस शोधूनही सापडला नसता. वीट तडकत नव्हती असं मुळीच नाही. माती आहे, ऊन आहे, वारा आहे, तडकायचीच. पण तडकलेल्या विटेला तिथं तोंड दाखवायची मुभा नव्हती. नीट उजाडायच्या आधी हा गडी कच्च्या विटांच्या ओळींमधून वाकून फिरायचा, जिला चीर गेली असेल ती उचलायचा आणि चिखलाच्या खड्ड्यात परत भिजत टाकायचा. रस्ता जागा होईपर्यंत पटांगणात सगळ्या कशा गोमट्या, सरळ, एका वळणाच्या विटा. गिऱ्हाईक आलं की दोन भाजलेल्या विटा त्याच्या कानाशी नेऊन एकमेकींवर आपटायचा. "ऐका! खणखण वाजतेय की नाही? बद्द वाजली तर नेऊ नका." त्याचं खरं नाव बायकोलाही जरा आठवूनच सांगावं लागलं असतं. सगळ्या पंचक्रोशीला तो खणखण्या.

यंदा मात्र उन्हाळा लागला तशी त्याची पहाट लांबायला लागली. आधी दोन-चार विटा उचलल्या की भागायचं, आता घमेली भरायला लागली. दिवसभर चिखल तुडवायचा, साच्यात दाबायचा, ओळीनं विटा पाडायच्या आणि पहाटे त्यातल्याच उचलून पुन्हा चिखल करायचा. कंबरेचा काटा ढिला झाला. बायको साच्यांना वाळू लावता लावता म्हणायची, "साचे तेच, हात तेच, मग झालंय काय?" तो म्हणायचा, "माती रुसलीय." रुसलेल्या मातीची समजूत कशी घालतात ते काही त्याला माहीत नव्हतं.

आणि एके दिवशी मिस्त्री येऊन उभा राहिला. गावच्या शाळेला नव्या खोल्या बांधायचं काम त्याच्याकडे होतं, आणि वीट खणखण्याचीच घ्यायची असं तो सगळ्यांना सांगून बसला होता. ओळींकडे बघत तो पान चघळल्यासारखा नुसतंच तोंड हलवत राहिला.

"ओळीत ही खिंडारं कसली रे? दात पडल्यासारखी?"

"शेळी शिरली होती काल," खणखण्या पटकन म्हणाला.

"शेळी मोठी शिस्तीची दिसतेय. पडली ती सगळी खिंडारं एकाच अंगाला." मिस्त्री हसला. "पुढच्या खेपेला वीट बघेन, मग ठरवू."

मिस्त्री गेला, पण ते 'मग ठरवू' तिथंच राहिलं. आजवर त्याच्या विटेपुढे कुणी 'मग' हा शब्द काढला नव्हता. त्या दिवशी खणखण्या जेवला नाही, आणि विचारलं तर म्हणाला की ऊन लागलं.

अशा दिवसांत हायस्कूलचे विज्ञानाचे सर सायकल हातात धरून भट्टीवर आले. खणखण्याची मुलगी त्यांच्याच वर्गात होती. शाळेत तिचं नाव काही का असेना, घरी ती टोचणी. हे असंच का, ते तसंच का, असं विचारून विचारून तिनं लहानपणीच ते नाव कमावलं होतं. आता सुट्टी होती, आणि सुट्टी म्हणजे तिनं आईबरोबर विटा उलथायच्या, वाळलेल्या रचायच्या. पोर कामाला चपळ होती. एका हातात दोन विटा, दोन्ही हातांत चार, आणि तोंडात एक प्रश्न.

सरांनी घमेलं उलटं घालून त्यावर बैठक मारली आणि सांगितलं की लांब लांबचे संशोधक लोक यंदा सुट्टीत फोनवरून मुलांना संशोधन शिकवणार आहेत. ज्यांच्या घरी शिकवणीची ऐपत नाही अशाच मुलांना. एका मुलाला एक शिकवणारा. शाळेतून टोचणीची निवड झाली होती.

"आणि हे सगळं फुकट," सर म्हणाले.

तिथंच आईच्या कपाळाला आठी पडली. "फुकट? फुकट म्हटलं की मला आधी धडकीच भरते. त्यांना यात काय मिळतं?"

"ते मलाही नीटसं कळलेलं नाही," सर प्रामाणिक माणूस होते. "पण माणसं चांगली आहेत."

खणखण्यानं विचारलं, "संशोधन म्हणजे हिनं नेमकं करायचं काय?"

"एक प्रश्न घ्यायचा आणि उत्तर मिळेपर्यंत त्याची पाठ सोडायची नाही."

"म्हणजे ती रोज करते तेच," आई म्हणाली. "ते शिकवायला माणूस कशाला ठेवलाय?"

टोचणी तोंडातून अवाक्षर काढत नव्हती, आणि ते पाहूनच खणखण्या विरघळला. ही पोर गप्प बसते म्हणजे हिला ते किती हवं असेल! सकाळ-संध्याकाळ कामाला खाडा नको, एवढ्या अटीवर त्यानं मान डोलावली. फोन त्याचाच वापरायचा होता, कारण घरात फोन तो एकच.

पटांगणात फोनला कधी रेंज असायची, कधी नसायची. विझलेल्या भट्टीच्या माथ्यावर मात्र भरपूर. म्हणून टोचणीची शाळा तिथं भरली. भाजून झालेल्या विटांच्या ढिगावर गोणपाट अंथरलं, काठी रोवून सावलीला चादर बांधली, आणि पहिल्या दिवशी आई राखणीला शेजारी जाऊन बसली. खणखण्या खाली चिखल तुडवत होता, पण पाय चिखलात आणि कान वर.

फोनमध्ये एक तरुण बाई दिसली. केस कसेबसे बांधलेले, मागं भिंतीला टेकून उभी केलेली मोडकी छत्री. आईला ती छत्री बघून जरा धीर आला. ती बाई सुकणाऱ्या चिखलावर काम करत होती. चिखल सुकताना कसा फाटतो, कुठून फाटतो, हेच बघत ती वर्षानुवर्षं बसली होती.

"ह्याचा पगार मिळतो?" आईनं मध्येच तोंड घातलं.

"मिळतो काकू. माझ्या आईलाही अजून खरं वाटत नाही." बाई हसली. "आणि हे फुकट कसं, असं विचारणार असाल तर, मला अशी ताई भेटली असती तर माझी दोन वर्षं वाचली असती. ती हिची वाचावीत, एवढंच."

आईला ते पटलं. ती राखण सोडून खाली उतरली आणि नवऱ्याला म्हणाली, "घरची वाटते."

मग बाईनं टोचणीला विचारलं, "रोज डोळ्यांसमोर असतं पण कळत नाही, असं तुझ्याकडे काय आहे?"

"विटा तडकतात," टोचणी म्हणाली. खाली खणखण्याचा पाय चिखलात थांबला. "बाबा म्हणतात माती रुसलीय."

"कुठल्या तडकतात? सगळ्या की काहीच?"

टोचणीनं खाली ओळींकडे पाहिलं. जन्मापासून ती या पटांगणात वाढली होती, आणि तिला ते माहीत नव्हतं. "मला नाही सांगता येणार, ताई. मी उठायच्या आत बाबा त्या उचलून टाकतात."

"मग तिथूनच सुरुवात कर. काही दिवस एकही उचलायची नाही. जिथं तडकली तिथंच राहू दे."

टोचणीला हे सोपं वाटलं. त्या बिचाऱ्या बाईलाही सोपंच वाटलं. ती चिखलाला ओळखत होती, खणखण्याला नाही.

"घरातली घाण काय रस्त्यावर मांडायची?" त्या दिवशी जेवताना खणखण्या भडकला. "मिस्त्री कधीही येईल. त्यानं बघितलं तर शाळेच्या खोल्या गेल्या, आणि नाव गेलं ते वेगळंच."

"थोड्याच ओळी, बाबा. मागच्या अंगाच्या. मी खुणा करून ठेवते."

"बाई गं, वीट ही दाखवायची गोष्ट आहे, आणि चीर झाकायची."

"अहो, पण झाकून झाकून हात दुखायची वेळ आली की तुमची," आई म्हणाली. "पोर काय म्हणते ते तरी बघा. थोड्या ओळींनी काय आभाळ कोसळणार आहे?"

दोघी एक झाल्यावर तो एकटा काय करणार? कबूल झाला. टोचणीनं निम्म्या ओळींना जुन्या खाणीची माती घेतली, निम्म्यांना नव्या खाणीची, कारण यंदापासून माती नव्या खाणीतून यायची आणि तिचा पहिला संशय त्या मातीवर होता. प्रत्येक ओल्या विटेच्या कोपऱ्यात तिनं खिळ्यानं खूण केली. एक रेघ, दोन रेघा, फुली, गोल. आणि छपराच्या आतल्या भिंतीवर कोळशानं अख्ख्या पटांगणाचा नकाशा काढला. जी वीट तडकेल तिच्या जागी टिंब द्यायचं, पण विटा पूर्ण सुकल्यावर, एकदमच.

खणखण्यानं आपला शब्द पाळला. म्हणजे सुरुवातीला पाळला. पहाटे उठून तो त्या ओळींपाशी जायचा, चिरा बघायचा, हात मागं बांधायचा आणि परत फिरायचा. गोड खाऊ नको म्हणून सांगितलेल्या माणसानं हलवायाच्या दुकानावरून जावं, तसा चालायचा. विटा सुकल्या. आता टोचणी उठली की टिंबं देणार होती. पण आदल्या संध्याकाळी मिस्त्रीचा फोन आला होता, "उद्या सकाळी तिकडूनच जाणार आहे, डोकावतो."

झालं. पहाटे खणखण्याच्या हातांनी त्याचं ऐकायचं सोडून दिलं. त्यानं मागच्या ओळींतल्या सगळ्या तडकलेल्या विटा उचलल्या, खड्ड्यात टाकल्या आणि त्या जागी पुढच्या ओळींतल्या चांगल्या आणून लावल्या. बरं, पोरीचं कामही बिघडायला नको, म्हणून खिळा घेतला आणि जिथं फुली होती तिथं फुली, जिथं गोल होता तिथं गोल, सगळं जसंच्या तसं कोरलं. गुडघ्यावर बसून, जीभ दातांत धरून. काम उरकल्यावर त्याला स्वतःचंच कौतुक वाटलं. साप मेला आणि काठीही शाबूत!

मिस्त्री त्या दिवशी आलाच नाही.

टोचणी कोळसा घेऊन ओळींमध्ये बसली. एक वीट पाहिली, दुसरी पाहिली. चीर नाही. अख्ख्या ओळीत नाही. तिनं एक वीट उचलली, कोपऱ्यातल्या फुलीवरून बोट फिरवलं, फुंकर मारली. भुकटी उडाली. ओल्या मातीत रेघ ओढली की कडेला माती वर येते आणि तशीच सुकते, बोटाला लागते. या फुलीला कड नव्हती. वाळल्या विटेवर खरवडलेली फुली होती ती. आणि गोल? तिचे गोल लंबुळके यायचे. हे गोल साच्यातून काढल्यासारखे. असा नेटका गोल काढणारा माणूस त्या भट्टीवर एकच होता.

"बाबा," ती म्हणाली.

खणखण्या साचा धूत होता. तो धुतच राहिला.

"चोरी केली ती केली, वर नक्कलही केलीत?"

आई आधी काही समजली नाही, आणि समजल्यावर तिला हसू आवरेना. हसता हसता पदर तोंडाला लावला तेव्हा तिचं लक्ष पोरीकडे गेलं. टोचणी रडत होती. आवाज नाही, काही नाही, नुसती उभी राहून. रविवारी सगळ्या मुलांनी आपापलं काम फोनवर सगळ्यांसमोर मांडायचं होतं. तिच्याकडे मांडायला कोरी भिंत होती.

"मी ताईला सांगते, मला नाही जमणार म्हणून," ती म्हणाली आणि भट्टीवर चढली.

खणखण्याला तिच्या मागं जायची लाज वाटत होती, आणि न जाण्याची त्याहून जास्त. तो भट्टीच्या पायऱ्यांवर निम्म्यापर्यंत चढला आणि तिथंच बसला. वरून बाईचा आवाज येत होता. तिनं सगळं ऐकून घेतलं. मग जोरात हसली.

"नक्कल करून? गोलसुद्धा?"

"ताई, हसण्यासारखं नाहीये."

"नाही, तसं नाहीये. पण ऐक. तुझ्या बाबांनी तुला एक फार मोठी गोष्ट दाखवलीय. इतकी वर्षं तुमच्या पटांगणात काय घडतं ते कुणालाच का दिसलं नाही, ते आता कळलं की नाही? हे सगळं रविवारी सांग. आणि आजच पुन्हा ओळी घाल. ऊन आहे ना तुमच्याकडे?"

"ऊन मरणाचं आहे. पण बाबा..."

"मी घालतो," पायरीवरून खणखण्या म्हणाला. त्यालाच आपला आवाज ओळखीचा वाटला नाही. वर जाऊन त्यानं फोनसमोर तोंड नेलं, इतकं जवळ की बाईला नुसतं नाक दिसलं असेल. "बाई, मी घालतो ओळी. आणि हात नाही लावणार. शप्पथ."

"काका, माझा विश्वास आहे. पण काकूंना जवळ बसवा."

त्या दिवशी तिघांनी पाठी मोडल्या. आईनं साचे भरले, टोचणीनं खुणा केल्या, खणखण्यानं चिखल असा तुडवला की जणू त्याच्याशी वैर होतं. दुपार कलायच्या आत अख्खं पटांगण ओल्या विटांनी भरलं. मागच्या ओळी नाहीत, पुढच्या नाहीत, सगळंच पटांगण आता टोचणीचं. आणि मग त्याच्या आयुष्यातलं सगळ्यात अवघड काम सुरू झालं. नुसतं बसायचं काम.

आईनं छपराच्या सावलीत पोतं अंथरलं आणि त्याला बसवलं. "हात मांडीवर."

"बसलोय ना."

"मांडीवर!"

वर्गातल्या बाईंसमोर बसलेल्या शाळकरी पोरासारखा तो हात मांडीवर ठेवून बसला. वाटेनं जाणारे थांबून विचारायचे, "काय खणखण्या, बरं नाही का?" तो म्हणायचा, "बरंय, बघतोय." "काय बघतोयस?" असं विचारलं की तो मान विटांकडे फिरवायचा.

पण बघता बघता त्याला खरंच दिसायला लागलं. वीट तडकताना त्यानं कधी पाहिलीच नव्हती. पहाटे तो यायचा तेव्हा सगळं होऊन गेलेलं असायचं. आता उन्हात वारा सुटला की एखाद्या विटेच्या कोपऱ्यावर केसासारखी रेघ उठायची, थांबायची, पुन्हा सरकायची. तो कळवळायचा, अर्धवट उठायचा, आणि आई नुसती खाकरायची. तो पुन्हा बसायचा.

"टोचणे," एकदा त्यानं हाक मारली, "ही बघ, ही कोपऱ्यानंच सुरू झाली. ती पलीकडची पण. वाऱ्याकडच्या कोपऱ्यानं."

टोचणी कोळसा घेऊन धावत आली. बापलेक ओळींमध्ये उकिडवे बसून चिरा बघायला लागले, आणि मग ते काही उठेनात. जेवायला हाक मारून मारून आईचा घसा बसला.

सगळं सुकल्यावर भिंतीवर टिंबं पडली. मातीचा काही संबंध नव्हता. जुनी माती, नवी माती, दोन्हीकडे सारखीच टिंबं. पण मागच्या ओळींपासून पुढच्यांपर्यंत, प्रत्येक ओळीच्या रस्त्याकडच्या टोकाला, कोळशाचा पट्टाच उमटला होता. कुणीतरी तिथून झाडू मारत गेल्यासारखा. बाकीचा नकाशा जवळजवळ कोरा. मिस्त्रीची शिस्तीची शेळी तिथूनच चालली होती.

टोचणी पट्ट्याकडे बघत राहिली. "बाबा, गेल्या उन्हाळ्यापर्यंत या बाजूला काय होतं?"

खणखण्यानं रस्त्याकडे पाहिलं. त्याला ठाऊक होतं काय होतं. तिथं खंगरांचा ढीग होता. जास्त भाजून वितळलेल्या, एकमेकींना चिकटून काळ्याठिक्कर पडलेल्या विटा, विटांचे फुटके तुकडे, त्याच्या आणि त्याच्या वडिलांच्या हातून बिघडलेलं सगळं, माणसाहून उंच. रस्त्यावरून येणाऱ्याच्या नजरेत आधी तोच भरायचा. गिऱ्हाईक काय म्हणेल, म्हणून गेल्या वर्षी पावसाळ्याआधी त्यानं गाड्या लावून तो ढीग उचलून दिला, कुणाच्या तरी खड्ड्यात भराव घालायला. पटांगण किती मोकळं झालं म्हणून केवढा खूश झाला होता!

"वारा," तो म्हणाला. "तो ढीग वारा अडवत होता गं. आता तो सरळ विटेला लागतो, कोपरा आधी सुकतो आणि फाटतो." आणि तिथंच खाली बसला. "आणि मी म्हणत होतो माती रुसलीय."

टोचणीला हसावं की काय करावं कळेना. मग तिनं हसायचं ठरवलं, आणि तो पण हसला. खड्ड्यातून चिखल काढणारी आई काय झालं बघायला आली तर दोघं भिंतीला टेकून डोळे पुसत होते.

रविवारी भट्टीच्या माथ्यावर चादरीची सावली पुन्हा ताठ बांधली. फोन एका विटेला टेकवून उभा केला. पडद्यावर छोट्या छोट्या चौकटींत कुठल्या कुठल्या गावांची पोरं. एकीनं तळ्यातल्या शेवाळाचं सांगितलं. एक बोबडा मुलगा गावातल्या कुत्र्यांच्या झोपेबद्दल इतकं मन लावून बोलला की आई म्हणाली, "बाईऽ, हे पण असतं होय?" सर खास धुतलेला सदरा घालून आले होते.

टोचणीची पाळी आली. आवाज पहिल्यांदा चिरकला, मग सुटला तो सुटलाच. मातीवरचा संशय, खुणा, भिंत, टिंबांचा पट्टा. मधल्या चोरीचंही तिनं सांगितलं, पण कुणी केली ते नाही सांगितलं. "आमच्याकडून पहिली मोजणी बिघडली" एवढंच म्हणाली. 'आमच्याकडून' हा शब्द खणखण्याच्या काळजात गेला. त्याचं काम फक्त विटा धरायचं होतं. एका हातात वाऱ्यापासून लांबची सरळ वीट, दुसऱ्या हातात वाऱ्याची तडकलेली. सरळ वीट त्यानं छातीशी धरली होती आणि तडकलेली गुडघ्याच्या मागं.

तेवढ्यात खाली मोटारसायकल थांबली. मिस्त्री! गर्दी कसली म्हणून तो पायऱ्या चढून वर आला आणि कडेला उभा राहिला.

"काका, दुसरी वीट पण दाखवा ना," फोनमधून बाई म्हणाली. "छान. आता मला सांगा, ही कुणी थापली?"

टोचणीनं बापाकडे पाहिलं. तिनं 'मी' म्हटलं असतं तर चाललं असतं. खुणा तिच्याच होत्या. तसं म्हणायला तिनं तोंड उघडलंही होतं.

खणखण्यानं एकदा सगळीकडे नजर फिरवली. मिस्त्री बघत होता, सर बघत होते, कुठल्या कुठल्या गावांची पोरं बघत होती. मग त्यानं तडकलेली वीट वर उचलली, डोक्याच्याही वर, चीर समोर येईल अशी फिरवली.

"मी," तो म्हणाला. "माझीच आहे ती. आणि पहिल्या खेपेच्या तडकलेल्या मीच लपवल्या होत्या. आणि मिस्त्री, ती शेळी पण मीच होतो."

मग मिस्त्री असा हसला की पाठीमागं रचलेल्या विटा हलल्या. "अरे, सगळ्यांच्याच तडकतात! एक तुझ्याच तडकत नाहीत, म्हणून तर मला संशय होता." पडद्यावरची पोरं टाळ्या वाजवत होती, पण आवाज बंद ठेवल्यामुळे नुसते हात हलताना दिसत होते. फोनमधल्या बाईनं डोळ्याला बोट लावलं आणि मोडक्या छत्रीकडे बघितल्यासारखं केलं. टोचणी बापाच्या कमरेला मिठी मारून उभी होती, आणि त्याला दोन्ही हातांतल्या विटांमुळे तिला जवळ घेता येत नव्हतं. शेवटी आईनं विटा काढून घेतल्या.

शाळेच्या खोल्यांना वीट त्याचीच लागली. पण त्याआधी आडोसा हवा होता. पुढच्या सकाळपासून तिघं रस्त्याच्या अंगाला ढीग रचायला लागले. खंगर, फुटके तुकडे, तडकून भाजलेल्या, जे जे बिघडलं ते ते. किती उंच रचायचं ते टोचणी सांगायची आणि खणखण्या निमूट रचायचा. ओळींमधून तो आता पहाटे नाही, उजाडल्यावर फिरायचा, लोकांच्या देखत.

शेजारच्या भट्टीचा मालक सायकलवरून चालला होता. ढीग बघून त्यानं ब्रेक दाबला. "काय रे खणखण्या, हा कचरा कुणाचा आणून टाकलास दारात?"

खणखण्यानं हातातली वीट ढिगावर ठेवली. चीर आत गेली होती, म्हणून पुन्हा उचलली आणि रस्त्याकडे तोंड करून बसवली.

"माझाच आहे," तो म्हणाला. "उतर खाली, दाखवतो."